फोटो-कार्डावरून मी छाटलेले सात जण

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी सातवी पास होते, आणि सातवी पास सून म्हणजे गावची कलेक्टर, अशी माझी पक्की समजूत होती. आल्या आल्या मी भिंती सजवायला घेतल्या. सासूबाईंच्या पेटीत एक फोटो-कार्ड सापडलं. जाड कागद, मागे पत्त्यासाठी रेघा, पुढे आमच्या गावची विहीर. जुन्या काळी कारंजा शहरातला फोटोवाला गावोगावचे फोटो काढून त्यांची टपालाची कार्डं करायचा. विहिरीच्या डाव्या अंगाला पागोटं बांधलेले आजेसासरे आणि त्यांचे भाऊबंद, उजव्या अंगाला टोपल्या-कुदळी घेतलेले सात जण.

माझ्याकडची फ्रेम लहान. मग काय, ब्लाउज बेतायची कात्री घेतली आणि उजवीकडचे सातही जण छाटले. फोटो झकास बसला! आजेसासरे बरोब्बर मधात आले. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी हुशार हाये." मी आठवडाभर मान ताठ करून फिरले. कापलेल्या पट्टीने कंदिलाच्या काचेची काजळी खरवडली. एवढी माझी हुशारी.

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीने विहिरीजवळ गावाच्या इतिहासाचा फलक लावायचं ठरवलं. उपसरपंच माझाच पुतण्या. तो फ्रेम मागायला आला. मी म्हटलं, थांब, आणखी कोणाकडे जुनी कार्डं आहेत का बघते. या वयात घरी बसलं की सुना औषधांची आठवण करून देतात. त्यापेक्षा गावभर फिरलेलं बरं.

फिरत फिरत बौद्ध वस्तीत गेले. तिथे माझ्याच वयाची एक रिटायर नर्स राहते, तिला सगळं गाव सिस्टर म्हणतं. तिने कपाटातून एक कार्ड काढलं. तीच विहीर, तेच पागोटं. पण फोटो पुरा.

"फोटोवाल्यानं माह्या आजीलेई एक देल्लं होतं," ती म्हणाली. "हे टोपलीवाली, तेच आजी. तुमच्या घरी तं हाच फोटो हाये ना? दिसली असन तुमाले."

"नाई दिसली. म्या कापली."

सिस्टर हसली नाही. "विहीर तिनं खोदली, अन् पोहरा टाकाची तिलेच मनाई. घागर घेऊन उभी राहे, कोणी वरून ओतन म्हणून. अन् तुमी तिले फोटोतूनई हाकलली?"

मग ती चहा ठेवायला उठली. निघताना कार्ड मागितलं, तर म्हणाली, "देतो. पण कात्री घरी ठेवा."

पुतण्याने दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. "काकू, आपलाच लावू. स्वच्छ हाये. यात पणजोबा पार कोपऱ्यात गेले."

"ते तिथंच उभे होते रे. मधात म्या आणले त्याईले, कात्रीनं."

"काहून उकरून राह्यल्या आता? लोक चर्चा करतीन."

"करू दे. माह्यापासून सुरू करू दे."

ग्रामसभेत मुलगा शेजारून पदर ओढत होता, तरी मी उभी राहिले. सिस्टरचं कार्ड वर धरलं. "म्या कापला तेव्हा मी अडाणी होती. तुमी तं शिकलेले! कापलेला फोटो लावला, तं रोज सकाळी फलकाखाली खुर्ची टाकून बसन, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले हा पुरा दाखवीन."

मागून कोणीतरी म्हणालं, "बुढी सटकली."

"सटकली तेव्हा होती. आता ताळ्यावर आली."

पुरा फोटो मंजूर झाला. पण खालचा मजकूर पाहिला, तर आमच्या घरच्यांची नावं बापासकट, आणि शेवटी 'व इतर मजूर'. मी तो कागद घेऊन सिस्टरकडे गेले. आईकडून ऐकलेली सातही नावं तिने एका दमात लिहून दिली. दुसऱ्या दिवशी एसटीने कारंज्याला गेले, फलक छापणाऱ्याच्या समोर बसले आणि सांगितलं, "यादी उजवीकडून सुरू कर."

फलक लागला. वर सात नावं, मग आमचं खानदान. मुलगा अजून कुरकुरतो, "आई, पणजोबाचं नाव खाली गेलं. वाचूई येत नाई, इतकं बारीक अक्षर."

"चष्मा लाव," मी म्हणते.