सहीच्या आधी

खुर्चीत बसायच्या आधी बाई मॉनिटरच्या मागे हात घालून वायर चाचपायच्या. मग पडद्याकडे तिरकं बघत विचारायच्या, "कोन पाहून राहिला आता?"

"कुणी नाही, बाई. तुम्हीच."

"नकाशा नागपूरले, पाहनारी मी अर्जुनीत. आन् मधात कोनीच नाई म्हन्तं तू?"

मी गोंदियातल्या एका छोट्या सर्व्हे कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचो. धानपट्ट्यातल्या कालव्यांचे जुने नकाशे नव्याने आखायचं काम आमच्याकडे होतं. नकाशाचा प्रोग्राम चालायचा नागपूरच्या मोठ्या मशीनवर. त्याची खिडकी तेवढी अर्जुनी मोरगावच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, बाईंच्या पडद्यावर उघडायची. मधला रस्ता कुलूपबंद. वाटेत कुणी डोकावलं तरी त्याला काही कळू नये, असा. हे मी बाईंना किती वेळा समजावलं असेल. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वायर चाचपायच्या.

बाई निवृत्त अनुरेखक. नोकरीभर त्यांनी ट्रेसिंगच्या कापडावर शाईने कालवे उतरवले होते. तयार नकाशे तपासून सही करायला कंपनीने त्यांना ठेवलं होतं. पेन देताना टोपण स्वतःकडे ठेवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई टोपण तर ठेवायच्याच, वर पेन नेणाऱ्याचं गावही विचारून घ्यायच्या. मॉनिटरवरच्या कॅमेऱ्याला त्यांनी आपल्या पाकिटातली टिकली चिकटवली होती. ती वाळून पडली की दुसरी.

एका सोमवारी खिडकी उघडेना. नागपूरच्या मशीनमध्ये बाई शिरायच्या, पण प्रोग्राम सुरू केला की पडदा सापडत नाही म्हणून तो तिथल्या तिथे बंद पडायचा. एका उपकालव्याच्या शेपटाकडचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, नकाशा त्याच आठवड्यात द्यायचा होता. मी गोंदियाहून फोनवर एकेक सेटिंग बदलायला लावत होतो.

"बाबू, आत शिरताना एक ओळ येऊन राहिली."

"ती सोडा, बाई. शेवटची वाचा."

"कायले सोडू?"

"ती महत्त्वाची नसते."

बाई म्हणाल्या, "तुले कसं माहीत? तू त वाचलीच नाई."

मला राग आला. मंगळवारही तसाच गेला. बुधवारी सकाळी मी पळवाट काढली. नागपूरचं मशीन सांभाळणाऱ्या माणसाकडे त्याच्या खात्यातून नकाशा उघडत होता. त्याच्याकडून नकाशाचे फोटो काढून घेतले, बाईंना पाठवले आणि यावरच सही करा म्हटलं.

"हा नकाशा नोहे. नकाशाचा फोटो होय."

"एकच ना, बाई."

"एक कसा? मोठा केला त फुटते. टोकावरच्या गावाजवळ रेघ नाल्याच्या कोन्या अंगानं हाय, दिसत नाई. मी सही नाई करत."

कंपनीच्या साहेबांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले. "उस गाँव में इनका कोई रिश्तेदार होगा. पता करो जरा."

आणि मी खरंच चौकशी केली. त्या गावच्या ओळखीच्या एकाला फोन करून बाईंचं आडनाव सांगितलं. या नावाचं कुणाचं शेत आहे का, कुणाची मुलगी दिली आहे का, सगळं विचारलं. कुणी नव्हतं. बाईंना हे मी कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय, तेही तुम्हाला.

त्याच दुपारी मी अर्जुनीला गेलो. बाईंनी वही पुढे सरकवली. तीन दिवस, आत शिरताना दर वेळी जी ओळ यायची ती त्यांनी अक्षर न् अक्षर उतरवून घेतली होती. नकाशावर गावांची नावं लिहावीत तशी उभी, टपोरी इंग्रजी अक्षरं. मी ती ओळ वाचली आणि कान गरम झाले.

दूरच्या मशीनवरच्या प्रोग्रामला आपल्या पडद्यावर खिडकी उघडायची तर परवाना लागतो. आपण आत शिरलो की तो परवाना त्या मशीनवरच्या आपल्या खात्यात लिहिला जातो. परवान्याची फाइल लिहिता येत नाही, एवढंच ती ओळ तीन दिवस सांगत होती. लिहिता येत नव्हती, कारण बाईंच्या खात्यातली जागा भरली होती. आणि ती भरली होती जुन्या नकाशांच्या स्कॅन प्रतींनी. आदल्या शनिवारी माझ्या खात्यात जागा पुरेना, म्हणून त्या प्रती मीच तिथे टाकल्या होत्या. बाईंना न विचारता.

मी त्या हलवल्या. पुन्हा आत शिरलो. ओळ आली नाही, खिडकी उघडली.

"काय झालं होतं?"

"जागा भरली होती, बाई."

"कोनं भरली?"

मी आधी उगाच माउस हलवला. मग म्हणालो, "मी."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "मंग तसं सांगाव ना. तीन दिवस मी सोताचाच संशय घेऊन राहिली. म्हटलं, माह्याच हातानं काई बिघडलं."

एवढंच बोलून त्यांनी नकाशा मोठा केला. रेघ नाल्याच्या अलीकडेच थांबली होती. पलीकडची धानाची एक लांब पट्टी कालव्याच्या लाभातून साफ बाहेर. रेघ दुरुस्त होऊन आली, तेव्हा शुक्रवारी बाईंनी सही केली.

चहा पिताना मी विचारलं, "तुम्हाला आधीच शंका कशी आली?"

"नोकरीत होती तवा येक डाव तिथल्या साहेबानं सांगितली तशी रेघ मी काढली. जागेवर जाऊन पाह्यलं नाई. पानी काई पोचलं नाई. नकाशाच्या कोपऱ्यात नाव माहं, त लोकं माह्या दारात आले." कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "साहेबाची तवा बदली झाली होती."

पुढे काम संपलं, ऑफिस बंद झालं. बाई मुलीकडे रायपूरला गेल्या. मागच्या उन्हाळ्यात त्या वारल्याचं कळलं, तेही महिन्याभराने.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या टोकावरच्या गावी. सही करून आठवडा झाला होता, तरी त्यांना ती पट्टी डोळ्यांनी बघायची होती. मी मोटरसायकलवर नेलं. बांधावर एक शेतकरी भेटला.

"हे शेत कोनाचं?"

"आमचंच हाय, बाई."

"सातबारा हाय का?"

तो हसला. "घरी हाय."

"आन."

तो खरंच कागद आणायला गावाकडे निघाला. मला गोंदियात काम होतं. बाई म्हणाल्या, तू जा, मी जीपनं येईन. बऱ्याच पुढे जाऊन मी मागे वळून बघितलं. मोहाच्या सावलीत, बांधावर बाई पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या, तो गेला त्या वाटेकडे बघत.