मत मागायचं तर बसून

सौंसरच्या बसस्टँडवर संत्री विकणारी एक बाई आहे. नाव ठाऊक नाही, पण तिचा मला हेवा वाटून राहिला. निवडणुकीत एक उमेदवार तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला, तर ती संत्री पुसत म्हणाली, "बस खाली, भाऊ. मत मांगाले आला नं, मंग उभ्यानं काय मांगतं?" तो पांढऱ्या कपड्यांनिशी पोत्यावर बसला, अन् नळाला पाणी का येत नाही ते सांगत राहिला.

आमच्या दारात हेच लोक येतात अन् विचारतात, "काकाजी हायेत का?" यजमानांशी बोलले की घरची सगळी मतं मिळाली असं धरतात. मी नुसती चहा देणारी.

परवा आले तेव्हा मी म्हटलं, "काकाजी त्यांचं मत देतील. माझं पाहिजे असेल तर बसा." अन् आत आवाज दिला, "अहो, चहा ठेवता का?"