एक धर्मशाळा, दोन इंग्रजी

दोष नानांचा. सगळाच्या सगळा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसताना कुणाला चुकचुकायला नको.

नानांचे किस्से मी काही जमवले नाहीत. नर्मदेचा पूर ओसरला की नेमावरच्या घाटावर गाळ कुणी आणून टाकतं का? आपोआप साचतो. नाना तोंड उघडत आणि आम्ही समोर असू, एवढंच.

नाना म्हणजे माझे चुलत आजोबा. देवासला एका गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची ही कड एकाची, ती कड दुसऱ्याची. दोन दरबार, दोन तुरुंग, दोन शाळा. नाना थोरल्या पातीच्या शाळेचे हेडमास्तर. रस्त्यापलीकडच्या धाकट्या पातीच्या शाळेचे हेडमास्तर म्हणजे पुण्याहून आलेले गद्रे मास्तर, बी.ए., मिशी कातरलेली.

मला फक्त मॅट्रिक व्हायचं होतं. मॅट्रिक झालो की इंदुरास रेल्वेत चिकटायचं आणि या दोघांचं तोंड पाहायचं नाही, असा माझा साधा हिशेब. पण मॅट्रिकला कुणाला पाठवायचं हे दोन्ही हेडमास्तरांनी मिळून ठरवायचं, अशी आमच्याकडची रीत. तिथंच घोडं पेंड खात होतं.

* * *

नाना इंग्रजी शिकले महूच्या छावणीत, एका पेन्शनर गोऱ्या साहेबाकडे. साहेब कधीच वारला. त्याचं इंग्रजी तेवढं नानांनी जिवंत ठेवलं होतं.

घराचं बांधकाम चालू असेल तर नाना म्हणायचे, 'द हाउस इज बिल्डिंग.' त्यांच्या साहेबाच्या काळात हेच शुद्ध. आता नवीन पुस्तकांत सगळीकडे 'द हाउस इज बीइंग बिल्ट.' गद्रे मास्तर तेच शिकवायचे.

"हे बीइंग-फीइंग काय आहे?" नाना गरजायचे. "क्रियापदाला कुबड्या! आमच्या साहेबानं असं बोलणाऱ्या शिपायाला कोठडीत घातलं असतं!"

"पण नाना, हल्ली सगळे असंच लिहितात."

"हल्ली सगळे विड्याही ओढतात!"

 आणखी बोललो तर नाना घरीही भेटायचेच.

* * *

आम्ही पोरं सकाळी नानांच्या शाळेत आणि संध्याकाळी गद्र्यांच्या शिकवणीला. सकाळचं बरोबर उत्तर संध्याकाळी छडीचं. संध्याकाळचं बरोबर उत्तर सकाळी कान पिरगाळायचं.

माझ्या शेजारी रामलाल बसायचा, हाटपिपल्याचा. घरी बोलणं माळवी, मराठी आमच्यात शिकला, इंग्रजी कुठंच नाही. पण या भानगडीत तो एकदाही मार खायचा नाही. प्रश्न आला की आधी खिडकीबाहेर बघायचा. समोर हलवाई दिसला तर आपण नानांकडे, कासार दिसला तर गद्र्यांकडे. मग उत्तर.

एकदा गद्र्यांनी खिडकी लावून घेतली आणि विचारलं. रामलाल उठला, दार उघडून बाहेर निघाला.

"अरे, कुठं चाललास?"

"ठेरो मास्टरसाब! पेलां देखी लूं के हूं कां ऊभो हूं!"

आधी बघू तरी द्या, मी उभा कुठं आहे!

* * *

त्याच सुमारास दोन्ही पात्यांनी मिळून एक धर्मशाळा बांधायला घेतली. बरोबर हद्दीवर. अर्धी यांनी बांधायची, अर्धी त्यांनी. गवंडी वेगळे, चुना वेगळा. साहजिकच खिडक्याही एका ओळीत आल्या नाहीत.

काम बघायला एक गोरा साहेब येणार म्हणून इंग्रजी पाट्या लागल्या. नानांच्या अर्ध्यावर 'बिल्डिंग', गद्र्यांच्या अर्ध्यावर 'बीइंग बिल्ट'. साहेबानं एक वाचली, दुसरी वाचली, टोपी काढून डोकं खाजवलं.

"इथं दोन धर्मशाळा आहेत का?"

नाना अदबीनं वाकले. "नो सर. धर्मशाळा एकच. इंग्रजी दोन आहेत."

* * *

गद्र्यांनी संधी साधली. साहेबालाच विचारलं, यातलं चूक कोणतं? आम्ही पोरं पुढं सरकलो. आज एकदाचा निकाल लागला तर आमच्या पाठी वाचतील!

साहेब हसला. "माझे वडील पहिलं म्हणत. मी दुसरं म्हणतो. भाषा आहे, बदलते. चूक काय त्यात?"

गद्रे मिशीतल्या मिशीत खूश. मला वाटलं, नाना आता गप्प बसतील. नाना घरी आले, पगडी खुंटीला लावली आणि आजीला म्हणाले, "साहेबाचे वडील शिकलेले दिसतात. पोरगा वाया गेला."

असं म्हणताना बघत मात्र माझ्याकडे होते!

* * *

कंटाळून मी धारला मामासाहेबांकडे गेलो. ते तिथं दरबारात मुनशी. म्हटलं, धारला राजा एकच, इंग्रजीही एकच असेल.

मामासाहेब एक मसुदा करत होते. 'हुजुरांकडून रस्ता बांधला जात आहे' असं इंग्रजीत लिहायचं होतं. मी मोठ्या उत्साहानं 'बीइंग बिल्ट'वालं वाक्य सांगितलं. मामासाहेबांनी टाक खाली ठेवला.

"विनू, यात हुजूर कुठं आले?"

"शेवटी."

"रस्ता पुढं आणि हुजूर मागं? नोकरी घालवतोस काय माझी?"

"मग नानांचं वाक्य घ्या."

"त्यात तर रस्ता आपला आपणच बांधला जातोय! मग हुजूर काय करतायत, झोपलेत?"

शेवटी रस्त्याबद्दल काही लिहिलंच नाही. हुजुरांच्या प्रकृतीबद्दल चार ओळी लिहून मसुदा पुढं गेला. मी अमझेऱ्याच्या एका बैलगाडीत बसून निघालो, कारण तीच आधी मिळाली. दिशा देवासच्या उलट होती, पण मामासाहेबांपासून लांब तरी नेत होती.

* * *

मग आली मॅट्रिकची निवड. तोंडी परीक्षा, दोन्ही हेडमास्तर एकत्र. पण नाना गद्र्यांच्या शाळेत पाऊल टाकणार नाहीत आणि गद्रे नानांच्या. म्हणून टेबल मांडलं धर्मशाळेत, हद्दीवर. दोन पाय थोरल्या पातीत, दोन धाकट्या पातीत. विद्यार्थ्यानं मधे उभं राहायचं.

धर्मशाळेचं काम तोवर पार बंद पडलं होतं. मधली तुळई आधी कुणी चढवायची यावर दोन्ही दरबार अडून बसलेले. गवंडी घरी गेलेले, विटांवर गवत, पाट्यांवर कावळे. माझ्या पायाशी एक शेळी नानांच्या अर्ध्यातून गद्र्यांच्या अर्ध्यात चरत चाललेली.

नानांनी बोटानं भोवती दाखवलं. "सांग. या इमारतीचं काय चाललंय? इंग्रजीत!"

गद्रे पुढं झुकले. "हां, विचार करून सांग."

मी डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. शेळीकडं बघितलं.

"नोबडी इज बिल्डिंग इट," मी म्हणालो.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग त्यांच्या जन्मात पहिल्यांदाच दोघे एका सुरात ओरडले,

"राँग!"

मला मॅट्रिकला बसू दिलं नाही.