चौघींतली मागची

रनाळ्याच्या त्या चौघी लग्नांत गायच्या. त्या मिळाव्यात म्हणून नंदुरबारचे लोक मुहूर्त पुढे ढकलत. मागे उभी राहणारी एका कानावर तळवा ठेवून गायची आणि सारखी बाकी तिघींकडे बघायची. मला ती कावेबाज वाटे. एकदा ती स्टेशनवर गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या माणसाशी हळू बोलताना दिसली. ही एकटीच मुंबईला जाणार, असं मी चौघींतल्या थोरलीला सांगितलं. आठवड्यात मेळ मोडला.

पुढे त्या माणसानेच सांगितलं. त्याला ती एकटीच हवी होती, पण ती चौघींसाठी अडून बसली. म्हणाली, "चौघीस्ले लई जा, नही ते कोनलेच नही."

नंतर बाजारात तिने मला गाठलं. "भाऊ, तुम्ही मालेच का बरं नही इचारं?"

थोरलीच्या दारावरून मी रोज जातो. तिला खरं अजून सांगितलेलं नाही.