तिळाचे सुटलेले कोंब

दामिनी अकोटची, नोकरीला अमरावतीत. तिथल्या एका खासगी बियाणे प्रयोगशाळेसाठी तिनं उगवण मोजायचा प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर बियांच्या ट्रेचा फोटो यायचा. कोंबावर क्लिक केलं की तिथं लाल ठिपका उमटायचा आणि आकडा वाढायचा. फोटो दाखवणाऱ्या चौकटीला, म्हणजे लेबलला, स्वतःहून क्लिक कळत नाही. त्यासाठी कोडचा वेगळा भाग, नवा क्लास, लिहिण्याऐवजी दामिनीनं लेबलवर इव्हेंट फिल्टर बसवला. लेबलकडे जाणारं माउसचं प्रत्येक क्लिक आधी या फिल्टरमधून जायचं. थोडक्यात काम झालं म्हणून ती स्वतःवर खूश होती.

मोजणीला जमुनाबाई होत्या. हात भारी चपळ. पण तिळाच्या ट्रेमध्ये त्यांचा आकडा सारखा कमी यायला लागला. प्रयोगशाळेच्या साहेबांनी विचारलं तेव्हा दामिनीनं कोड उघडूनही पाहिला नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "प्रोग्राम बरोबर आहे. मावशींचं ध्यानच नसते."

दुसऱ्या दिवसापासून जमुनाबाईंना ट्रे धुवायला बसवलं.

पुढे एकदा मोजणीला कोणी नव्हतं, म्हणून दामिनी स्वतः बसली. गावच्या बसची घाई होती. खेटून उगवलेल्या दोन कोंबांवर तिनं पटापट क्लिक केलं. ठिपका एकच उमटला. तिच्या लगेच लक्षात आलं. जवळजवळ त्याच जागी झटकन केलेलं दुसरं क्लिक प्रोग्रामकडे डबल-क्लिक म्हणून येतं, आणि तिचा फिल्टर फक्त साधं क्लिक मोजत होता. दुरुस्ती एका ओळीची होती. गुपचूप केली असती तर कुणाला कळलंही नसतं. हा विचार आपण बराच वेळ केला, याचीच तिला पुढे जास्त लाज वाटली.

बस सोडून ती चहाच्या वेळी सगळ्यांसमोर उभी राहिली आणि चूक आपली होती हे सांगितलं. जमुनाबाईंच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता.

"मले वाटलं, माहे डोयेच गेले," त्या म्हणाल्या. "म्हणून चष्मा केला. त्यानं तं उलटं गरगरते."

जुने फोटो पुन्हा मोजले गेले, जमुनाबाई पडद्यासमोर परतल्या. पण आता त्या एक क्लिक करून ठिपका उमटेपर्यंत थांबायच्या. आता पटापट केलं तरी चालते, असं दामिनीनं दोनदा सांगून पाहिलं.

"राहू दे बाई," जमुनाबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "मी पाहून पाहूनच करतो."

दामिनी त्यांच्या खुर्चीमागून पुढचा ठिपका उमटेपर्यंत पाहत राहिली. मग आपल्या जागेवर जाऊन बसली.