नाक सोडा, मूठ धरा

विमानातून उडी मारणार, हे मी आमच्या गावात, सणसरमध्ये, इतक्या जणांना सांगितलं होतं की पुढे पुढे लोकच मला त्यातल्या गमती सांगायला लागले. उतरताना आमच्या उसावर पडू नकोस, अशी एका तात्यांनी ताकीदही देऊन ठेवली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याच्या एका क्लबनं बारामतीच्या धावपट्टीवर पोरांना पॅराशूटनं उडी मारायला शिकवायचं काढलं होतं. आधी दिवसभर जमिनीवर सुरक्षेचे धडे. त्यात पास होईल त्यालाच दुसऱ्या दिवशी विमान.

मला पास व्हायचंच होतं. त्या उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ ट्रॅक्टर उलटून गेला होता आणि तेव्हापासून मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. रडू नाही, भूक नाही, राग नाही. दाढ काढताना डॉक्टर भूल द्यायला विसरला आणि मी खुर्चीत बसून त्याला पेपर वाचून दाखवला. मोठमोठ्यानं बोलणं तेवढं चालू होतं. त्याला माझी गरज लागत नाही. विमानाच्या दारात उभं राहिल्यावर तरी काहीतरी वाटेल, असा माझा अंदाज.

शिकवायला छत्रीधारी पलटणीतले एक निवृत्त सुभेदार होते, मूळचे इंदापूरकडचेच. त्यांनी बारामतीत 'सावधान' म्हटलं की इंदापूरच्या स्टँडावर एसटीची वाट बघणारी माणसं टाचा जुळवायची. उसाच्या ट्रॉलीएवढ्या उंच लाकडी माचावरून वाळूत उडी मारायची. पाय जुळलेले, गुडघे जरासे वाकलेले, उजवा हात छातीवरच्या राखीव पॅराशूटच्या मुठीवर, आणि जमीन लागली की कुशीवर लोळायचं.

सोपं होतं. पण आम्ही सगळे विहिरीत नाहीतर कॅनॉलमध्ये उड्या मारून वाढलेले. पळसदेवचा माझा मित्र पहिला चढला. त्यानं उजव्या हातानं नाक दाबलं, गुडघे पोटाशी घेतले आणि वाळूत बदकन बसला. मागून ओळीनं सगळ्यांनी तेच केलं. मीही.

"खाली पाणी हाय का रं?" सुभेदार गरजले.

"सवय हाय साहेब," मित्र वाळू थुंकत म्हणाला.

"आन् वर पॅराशूट न्हाय उघडलं, तर नाक वढणार हायेस व्हय?"

दुपारपर्यंत आमची नाकं सुटली. मग लोखंडी चौकटीला पट्ट्यांनी एकेकाला टांगलं. सुभेदार "उघडलं न्हाय!" ओरडले की क्षणात मूठ ओढायची. मित्रानं अशी ओढली की चौकट नीरा नदीपर्यंत सरकली असावी. मग माझी पाळी आली.

"उघडलं न्हाय!"

मला ऐकू आलं. मूठ हाताखालीच होती. पलीकडे ऊस हलत होता. एक बाई म्हैस हाकत बांधावरून चालली होती. ती टोकाला पोचली, वळली. मग मी मूठ ओढली.

"मेलास. कवाच मेलास! काय करत हुतास?"

"ओढली की साहेब. घाई काय?"

पोरं खो खो हसली. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी पुन्हा "उघडलं न्हाय" केलं, मी पुन्हा तसाच लोंबकळत राहिलो. त्यांनी स्वतः पट्ट्या सोडल्या आणि मला बाभळीखाली नेलं.

"घरात काय झालंय?"

एरवी मला मुंगी चावली तर मी अजगर सांगतो. तेव्हा दोनच शब्द आले. "भाऊ गेला."

ते म्हणाले, "उद्या तुला विमान न्हाय."

मागोमाग आलेला मित्र मध्ये पडला. "साहेब, आमच्यात सगळ्यात धाडसी त्योच हाय!"

"तू भितोस का?"

"लई भितो साहेब."

"म्हणून तू जाणार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या टायमाला ये. पण भिऊन ये."

दुसऱ्या दिवशी मी धावपट्टीच्या कडेला उभा होतो. मित्र वरून असा बोंबलत आला की पळसदेवच्या मासेमारांनी जाळी गुंडाळली म्हणतात. पाय मात्र जुळलेले. टेकला, लोळला, उठला आणि धावत येऊन माझ्या गळ्यात पडला. हसत होता, रडतही होता.

"कसं वाटलं?"

"न्हाय रं सांगता येत."

मी थोडा वेळ त्याचं तोंड बघत राहिलो. मग त्याच्या पट्ट्या सोडायला लागलो. बक्कल उन्हानं तापलं होतं, एवढं मला कळलं.