गुडघ्यातलं सिमेंट

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांत रांगून याचे गुडघे शाबूत राहिले आणि गेला तो बायकोचा. या अन्यायाचा त्याला स्वतःलाच राग यायचा. तो फरशी बसवणारा. बरोबरचे गवंडी त्याला लेव्हल म्हणत, कारण हा माणूस दुसऱ्याच्या घरी चहाला गेला तरी कपाकडे नंतर आणि जमिनीच्या उताराकडे आधी बघायचा. बायको शिवणकाम करायची. पायाच्या मशीनवर बसून तीस वर्षं पॅडल मारलं आणि उजवा गुडघा पार झिजला. सांधा बदलायचं ठरलं तेव्हा तिने डॉक्टरांना एकच विचारलं, मशीनवर परत बसता येईल ना? गुडघा काटकोनात वाकला की खुशाल बसा, डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन उत्तम झालं. घोळ घातला तो लेव्हलच्या चौकसपणाने. नवा सांधा हाडाला धरून कसा राहतो, असं त्याने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरही घाईत. सिमेंटने पक्का बसवलाय, काळजी करू नका, म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. हे सिमेंट दहा मिनिटांत दगड होतं, हे सांगायचं त्यांना सुचलं नाही. सुचावं तरी कशाला? त्यांच्या आयुष्यात फरशीवाला कधी आला होता?

लेव्हलच्या डोक्यात मात्र त्या एका शब्दाने घर केलं. खालचं सिमेंट पक्कं धरेपर्यंत नव्या फरशीवर पाय ठेवू द्यायचा नाही, हे त्याच्या धंद्यातलं पहिलं कलम. दारात फळी आडवी टाकून तो मालकालाही बाहेर उभा करायचा. एकदा एका मालकाने घाई करून दुसऱ्याच दिवशी कपाट आत नेलं आणि अर्धी खोली पोकळ वाजायला लागली, ती सगळी उखडून पुन्हा बसवावी लागली होती. त्यामुळे ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नर्सने बायकोला वॉकर देऊन उभं केलं, तेव्हा याला तिच्यापुढेही फळी आडवी टाकावीशी वाटली. पण शिकल्या-सवरल्या माणसांपुढे काय बोलणार?

घरी आल्यावर व्यायाम करून घ्यायला फिजिओ येऊ लागली. लेकीच्या वयाची, चेहऱ्याने गोड आणि हाताने कसाई. तिने एका कागदावर सगळं लिहून दिलं होतं. गोळी दुखायला लागल्यावर नाही, व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायची. मग गुडघा वाकवायचा, मग बर्फ. झोपताना उशी टाचेखाली, गुडघ्याखाली कधीच नाही. दुखलं तरी रोज वाकवलं तर दुखणं महिन्या-दीड महिन्यात उतरतं, असं ती पुन्हा पुन्हा सांगायची.

तिसऱ्या दिवशी तिने गुडघा जरा जास्त दाबला आणि बायकोने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दारात उभ्या नवऱ्यालाही सोडलं नाही. लेव्हलला ते ऐकवेना. एक तर ओलं सिमेंट, त्यात बायकोचा तो आवाज. दुसऱ्या दिवशी त्याने फिजिओला फोन करून सांगितलं, की बायकोला तिच्या बहिणीकडे पाठवलंय, तिथेच व्यायाम होईल. बायकोला सांगितलं, डॉक्टरांशी बोललो, ते आराम करायला म्हणाले. चाळीस वर्षांत एकही फरशी तिरकी न बसवणारा माणूस एका सकाळी दोन ठिकाणी खोटं बोलला, तेही अगदी मायेपोटी.

मग त्याने तिची अशी सेवा केली की शेजारणींनी आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारले. गुडघ्याखाली मऊ उशी, कारण तसं ठेवलं की तिला बरं वाटायचं. खाट ते बाथरूम, बस्स, त्यापलीकडे पाऊल नाही. दुखणं खरंच कमी झालं. हलवायचंच नाही तर दुखणार काय? बघ, पळालं की नाही, असं तो विचारायचा, आणि तीही हसून मान डोलवायची. तपासणीची तारीख त्याने दोनदा पुढे ढकलली. पुरतं पक्कं होऊ दे, मग दाखवू.

तीन महिन्यांनी ती उठून चालायला लागली, तेव्हा पाय धड सरळ होईना, धड वाकेना. पावलागणिक कळ मस्तकात जायची. डॉक्टरांनी गुडघा हातात धरून सरळ करून, वाकवून बघितला. मग म्हणाले, आत सगळं चिकटून घट्ट झालंय. दीड महिन्यात आला असतात तर भूल देऊन वाकवता आलं असतं. आता पुन्हा कापावं लागेल, आणि तरी वाकेल याची खात्री नाही. मशीनचा विचार सोडा. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, फिजिओ म्हणाली बहिणीकडे होतात, तिथे व्यायाम कोण करून घेत होतं?

बायकोने नवऱ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर लेव्हलने सगळं कबूल केलं, सिमेंटचंसुद्धा. शेवटी त्याने तो जुना कागद शोधून काढला, तिला गोळी दिली, घड्याळ लावून अर्धा तास थांबला आणि तिच्यापुढे जमिनीवर गुडघे टेकून बसला. कागदावर लिहिलं होतं तसा तिचा पाय धरून त्याने दाबला. पाय तसूभरही वाकला नाही. त्याने आणखी जोर लावला. तिच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले, पण तोंडातून आवाज निघाला नाही. तिने आपल्याला शिव्या द्याव्यात, असं त्याला फार वाटलं.

"त्या दिवशी मी ओरडत होते," ती म्हणाली. "थांबा म्हणाले नव्हते."

तो तसाच तिचा पाय धरून बसून राहिला. थोड्या वेळाने तिने त्याचे हात हळूच बाजूला केले.